आपापल्या घरासमोरची भिंत

आजचे वाचन: नहेम्या, अध्याय ३ (वेळ असल्यास २:११-१८ आणि ७:१-३ हेही वाचावे)



आजचा अध्याय आपल्यापैकी बरेच जण भरभर ओलांडून पुढे जातात. मीही जायचो. त्यात गोष्ट नाही, चमत्कार नाही. नुसती नावं. अमक्याने ही वेस बांधली, त्याच्या शेजारी तमक्याने डागडुजी केली, त्याच्या पलीकडे आणखी कोणी. ३२ वचनं हेच चाललंय. पण मागच्या वर्षी देवाने मला याच अध्यायात थांबवलं, आणि निमित्त होतं आमच्या मंडळीची वेबसाईट. आज तेच तुमच्यापुढे मांडतो. पुष्कळ मंडळ्या आता स्वतःची साईट करत आहेत, म्हणून वचनाबरोबर कामाच्या चार गोष्टीही सांगतो.

माझ्या हातातली किल्ली

आमच्या मंडळीची साईट सात-आठ वर्षांपूर्वी मीच तयार केली. पाळकसाहेबांनी सांगितलं, मला थोडंफार येत होतं, म्हणून केली. पासवर्ड माझ्या एकट्याकडे. कोणाला काही टाकायचं असेल तर मला व्हॉट्सॲप करायचं, आणि मी ऑफिसातून आल्यावर, जेवण झाल्यावर, वेळ मिळाला तर टाकायचं. सुरुवातीला रोज बघायचो. मग आठवड्याला. मग सणासुदीला. भगिनी मंडळाच्या पानावर तीन वर्षांपूर्वीची सभेची वेळ तशीच होती. तरुण संघाच्या पानावर ज्याचं नाव सचिव म्हणून होतं, तो लग्न होऊन दुबईला जाऊनही वर्ष झालं होतं. तरी "साईट कोण बघतं?" असं कोणी विचारलं की "मीच बघतो" म्हणताना छाती जरा फुगायची. खोटं कशाला सांगू?

पुनरुत्थानाच्या रविवारची पहाटेची उपासना आमच्याकडे कबरस्तानात होते. साईटवर वेळ होती साडेपाच. गेल्या वर्षी पंचांनी ती साडेचार केली, कारण चर्चमधली प्रभुभोजनाची उपासना लवकर घ्यायची होती. मला दहा दिवस आधी निरोप आला. मी "टाकतो" असं उत्तर दिलं आणि विसरून गेलो.

आमच्या मंडळीत एक मावशी आहेत. आदल्या पावसाळ्यात काका प्रभूकडे गेले. त्यांच्याशिवायचा मावशींचा तो पहिलाच ईस्टर. मुलगा पुण्याला असतो. त्याने साईट बघून फोनवर सांगितलं, "आई, साडेपाचला आहे." मावशी रिक्षाने पोचल्या तेव्हा आम्ही चटया गुंडाळत होतो, मेणबत्त्या विझल्या होत्या. काकांच्या कबरेपाशी उभं राहून, सगळ्या मंडळीबरोबर, प्रभू उठल्याची घोषणा करायची एवढंच त्यांच्या मनात होतं. मी पुढे होऊन क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "असू दे रे बाळा. तू एकटा कुठं कुठं बघशील?"

त्यांनी दोष दिला असता तर बरं झालं असतं. ते साधं वाक्य मात्र घरी आल्यावरही जाईना. मी एकटा. का बरं मी एकटा? त्या पहाटे खरी वेळ पंचांना माहीत होती, गायकवृंदाला माहीत होती, संडे स्कूलच्या पोरांनाही माहीत होती. घरोघरी माहीत असलेली गोष्ट साईटवर मात्र चुकीची राहिली, कारण ती बदलू शकणारा हात एकच होता, आणि त्या हाताला सवड नव्हती.

यादीत कोण आहे आणि कोण नाही

त्याच आठवड्यात माझ्या रोजच्या वाचनात नहेम्या आला. इ.स.पूर्व ४४५ च्या सुमाराची ही हकिकत. यरुशलेमेचा कोट पडलेला, वेशी जळलेल्या. नहेम्या रात्री मोजक्या माणसांना घेऊन निघतो आणि पडझड डोळ्यांनी बघतो. पण दुसऱ्या अध्यायात पुढे काय होतं ते बघा. तो लोकांना म्हणत नाही की मी बघून आलोय, आता मी करतो. आपली दशा तुम्हीही पाहता आहात, चला, आपण मिळून बांधू, असं त्याच्या बोलण्याचं सार आहे. आणि मग येते ती यादी.

यादी मेंढरांच्या वेशीपासून सुरू होते आणि सगळ्या कोटाला वळसा घालून पुन्हा मेंढरांच्या वेशीपाशीच संपते. सुरुवात मुख्य याजक एल्याशीबाने केली. पुढे सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं करणारा आहे, व्यापारी आहेत, जिल्ह्यांचे अधिकारी आहेत. गवंडीकाम यातल्या बहुतेकांचा धंदा नव्हता. सोनाराच्या हाताला दगडाची काय सवय? उकिरड्याच्या वेशीचं कामही एका अधिकाऱ्याने अंगावर घेतलं. आणि १२ व्या वचनात शल्लूम आपल्या मुलींना घेऊन भिंतीवर आला आहे. त्या काळात मुलींचा असा उल्लेख होणं लहान गोष्ट नाही.

आता दोन गोष्टी नीट बघा. पहिली, काही जणांबद्दल लिहिलं आहे की त्यांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. एकाने तर राहत्या खोलीसमोरचा. किती व्यवहारी योजना! ज्या भिंतीच्या आड माझी लेकरं झोपणार, तिथे मी कच्चा दगड लावीन का? आणि माझ्या दारासमोरची भेग माझ्याआधी दुसऱ्या कोणाला दिसेल का?

दुसरी गोष्ट वाचून मी वही खाली ठेवली. या लांबलचक यादीत बांधणारा म्हणून सुभेदार नहेम्याचं नाव नाही. १६ व्या वचनात एक नहेम्या आहे, पण तो अजबूकाचा मुलगा, वेगळा माणूस. आपला नहेम्या कामावर होता, हे पुढे पाचव्या अध्यायात कळतं. पण यादी त्याने इतरांची ठेवली. आणि कोट ५२ दिवसांत पुरा झाला.

माझी साईट सात वर्षांत पुरी झाली नव्हती.

पाचव्या वचनात तकोवा गावच्या मोठ्या लोकांचं नाव निघालं आहे. गावकऱ्यांनी काम केलं, पण मोठ्यांनी त्या कामाला मान वाकवली नाही. हे वचन मी आजवर काम टाळणाऱ्यांना उद्देशून वापरत आलो. त्या दिवशी ते माझ्याकडे वळलं. काम न करणारा आणि दुसऱ्याला काम करू न देणारा, दोघांच्या मानेची ताठरता सारखीच. दोघांनाही इतरांच्या शेजारी एका जुवाखाली यायचं नाही.

रविवारी मंडळीपुढे

पाळकसाहेबांशी बोललो. पंचांच्या सभेत विषय निघाला. आणि एका रविवारी उपासनेनंतर, चहा व्हायच्या आत, आम्ही मंडळीला नवी साईट दाखवली. जिचं प्रत्येक पान मंडळीतले सभासद स्वतः बदलू शकतील अशी.

अशा साईटला विकी म्हणतात. आपण सगळे विकिपीडिया वापरतो, तोही असाच चालतो. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. नाव घेतलं होनोलुलू विमानतळावर धावणाऱ्या 'विकी विकी' बसवरून. हवाई बेटांच्या भाषेत त्याचा अर्थ झटपट. मराठी विकिपीडियाही २००३ पासून अशाच अनेक हातांनी लिहिला जातो आहे.

मी भिंतीवर प्रोजेक्टर लावून दाखवलं. वर 'बदल करा' असं बटण. ते दाबलं की पान वहीसारखं उघडतं. लिहायचं, खाली एका ओळीत काय बदललं ते नोंदवायचं, आणि 'जतन करा'. झालं. ज्यांना टाईप करणं जड जातं त्यांनी मोबाईलच्या कीबोर्डवर माईकचं चिन्ह दाबून मराठीत बोलावं, अक्षरं आपोआप उमटतात. फक्त जतन करण्याआधी एकदा वाचून बघावं, कारण माईक कधी कधी भलतंच ऐकतो.

तेवढ्यात आमचे एक ज्येष्ठ पंच उठले. म्हणाले, "हे ठीक आहे. पण उद्या कोणी काहीबाही लिहिलं तर?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "काका, तुम्हीच या आणि पान बिघडवा." सगळे हसले. काका आले. चष्मा सावरत त्यांनी लिहिलं, 'पुढच्या रविवारी उपासना नाही.' जतन केलं. मग मी संडे स्कूलमधल्या एका मुलीला बोलावलं आणि 'इतिहास' उघडायला सांगितलं. तिथे प्रत्येक बदल ओळीने दिसतो. कोणी केला, कधी केला, आधी काय होतं. तिने आधीची प्रत निवडली, एक बटण दाबलं आणि पान होतं तसं झालं. अर्धं मिनिटही लागलं नाही. काका म्हणाले, "म्हणजे खोडलेलंही राहतं आणि लिहिणाऱ्याचं नावही राहतं. मग माणूस जपूनच लिहील." विकीचा मुद्दा यापेक्षा सोप्या शब्दांत मला सांगता आला नसता.

मग आम्ही घरासमोरची भिंत वाटली. भगिनी मंडळाचं पान भगिनींनी बघायचं. गृहसभांचं पान ज्यांच्या घरी सभा भरतात त्यांनी. गायकवृंदाने गीतांची यादी. संडे स्कूलचं पान शिक्षकांनी. माझ्याकडे कुठलं पान? 'मदत' नावाचं. कोणी अडलं तर सांगायचं.

आपल्या मराठी मंडळीला ही रीत परकी नाही. पंडिता रमाबाईंनी साध्या माणसाला कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, आणि पुढे १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ केडगावच्या मुक्तीमध्येच छापून निघाला. छपाईचं काम तिथल्या स्त्रिया आणि मुलींनी केलं. शल्लूमच्या मुली वाचल्या की मला त्या आठवतात. काम राहिलं, त्यातल्या बहुतेकींची नावं आपल्याला ठाऊकही नाहीत.

वेशींना दारं, दारांना अडसर

पण प्रियांनो, सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खरं होणार नाही.

प्रार्थना-विनंत्यांचं पान आम्ही खुलं ठेवलं होतं. एका तरुण भावाने मोठ्या प्रेमाने एका बहिणीसाठी विनंती लिहिली. तिचं नाव, आजाराचं नाव, दवाखाना, सगळं. त्या बहिणीने घरातल्या दोन माणसांशिवाय कोणालाही सांगितलं नव्हतं. वीस मिनिटांत कोणीतरी ते काढलं. आम्हाला वाटलं, संपलं. पण काकांचं वाक्य आठवा, खोडलेलंही राहतं! पानावरून गेलं तरी इतिहासात ते सगळ्यांना दिसत होतं. माझ्या लक्षात ते रात्री आलं. साईटची मुख्य किल्ली वापरून ती जुनी प्रत झाकावी लागली. दुसऱ्या दिवशी तो भाऊ आणि मी, दोघं त्या बहिणीच्या घरी गेलो. ती रडली. रागावली सुद्धा. तिला तो हक्क होता. आम्ही ऐकून घेतलं.

त्यानंतर मी पुन्हा नहेम्या उघडला. तिसऱ्या अध्यायात भिंतींबरोबर आणखी एक गोष्ट सारखी येते. वेशींना दारं बसवली, कड्या आणि अडसर घातले. सातव्या अध्यायात कोट पुरा झाल्यावर द्वारपाळ नेमले जातात, आणि ऊन चांगलं तापेपर्यंत वेशी उघडू नका असा हुकूम होतो. पहारेकरी पुन्हा तेच रहिवासी, काही आपापल्या घरासमोर. म्हणजे काम सगळ्यांचं होतं, तरी वेशी उघड्या टाकलेल्या नव्हत्या. विश्वास ठेवणं वेगळं आणि बेफिकीर राहणं वेगळं.

आमच्या मंडळीने मग जे ठरवलं, ते तुमच्या उपयोगाचं म्हणून देतो:

१. वाचायला साईट सगळ्यांना खुली. बदल फक्त सभासदांनी, आपापल्या नावाने. एकाचा पासवर्ड दुसऱ्याने वापरायचा नाही.

२. विश्वासाची मतं, मंडळीची घटना, आणि दानासाठीचा बँक खाते क्रमांक व क्यूआर कोड ही पानं बंद. खाते क्रमांकातला एक आकडा बदलला तर विधवेची दमडी भलत्याच्या खिशात जाईल.

३. मुख्य किल्ली तिघांकडे: पाळकसाहेब, एक पंच आणि मी. एकाकडे कधीच नाही. दर महिन्याला साईटची एक प्रत वेगळी काढून ठेवायची.

४. आजाराचं नाव, घराचा पत्ता, फोन नंबर, लहान मुलांचे फोटो त्या त्या माणसाला किंवा आईवडिलांना विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत. प्रार्थनेसाठी 'आपल्या एका बहिणीसाठी' एवढं पुरे. देवाला नाव माहीत आहे.

५. मतभेद झाला तर एकमेकांचं लिहिलेलं खोडत बसायचं नाही. प्रत्येक पानामागे 'चर्चा' आहे, तिथे बोलायचं. तेही न जमलं तर मत्तय १८ प्रमाणे आधी दोघांनी एकांतात भेटायचं.

पाचव्या नियमाचा उपयोग लगेच झाला. मंडळीच्या स्थापनेच्या वर्षावरून दोन घरांत जुंपली. एक म्हणे कोनशिलेवरचं वर्ष खरं, दुसरं म्हणे बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमधली नोंद त्याआधीची आहे. चर्चेच्या पानावर दोघांनी आपापले फोटो लावले आणि लक्षात आलं की दोघंही बरोबर आहेत. मंडळी आधी जमली, इमारत नंतर झाली. आता पानावर दोन्ही वर्षं आहेत.

जुने वार्षिक अहवाल टाकताना आणखी एक अडचण आली. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि खुणा दिसायच्या, कारण ते फॉन्ट मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवत. आताच्या युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची जागा आहे. तरुण संघाच्या मुलांनी पानं वाटून घेतली आणि पुन्हा टाईप केली. टाईप करता करता त्यांना आपल्या आजोबा-पणजोबांची नावं सापडली. जी मुलं अहवाल कधी हातात धरत नव्हती, ती आता मंडळीचा इतिहास सांगतात.

या वर्षीची पहाट

या वर्षी ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी मी साईटचा इतिहास बघत होतो. पहाटेच्या उपासनेच्या पानावर वेळ आधीच बरोबर होती, गायकवृंदातल्या कोणीतरी आठवड्यापूर्वीच टाकली होती. तिच्याखाली एक नवी ओळ दिसली. पहाटे रिक्षा मिळत नाही, ज्यांना न्यायला हवं त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवावं, म्हणजे गाडीची सोय होईल. बदल करणारं नाव मावशींचं होतं. नातीकडून शिकून घेतलं म्हणे. मी काही लिहिलं नव्हतं, कोणाला सांगितलंही नव्हतं. ज्या जागी त्यांना लागलं होतं, तिथेच त्यांनी दुसऱ्यासाठी दगड बसवला.

त्या पहाटे दोन गाड्या भरून म्हातारी माणसं आली. मावशी काकांच्या कबरेपाशी उभ्या होत्या. मी मागे, चटया अंथरत होतो.

मननासाठी

माझ्या मंडळीत असं कुठलं काम आहे, ज्याची किल्ली मी वर्षानुवर्षं एकट्याने धरून ठेवली आहे? ती सोडायची मला भीती कशाची वाटते, काम बिघडण्याची की माझं नाव जाण्याची?

माझ्या घरासमोर भिंतीचा कुठला भाग पडलेला आहे, जो माझ्याआधी दुसऱ्या कोणाला दिसणार नाही?

दुसऱ्याच्या प्रार्थनेचा विषय मी प्रेमाने सांगतो, तेव्हा त्याची परवानगी घेतो का?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, तुझी मंडळी माझी नाही, तुझी आहे. जे तू सगळ्यांच्या हाती दिलंस ते मी माझ्या मुठीत धरून ठेवलं, याची मला क्षमा कर. माझी मान लववं. शेजारच्याचा दगड वाकडा बसला तर हसण्याऐवजी हात लावायला शिकव. आमच्या जिभेवर आणि बोटांवर पहारा ठेव, म्हणजे आमच्या लिहिण्याने कोणाचं मन दुखावणार नाही. आणि ज्याला वाटतं की आपल्याला काही येत नाही, त्या प्रत्येकाला त्याच्या दारासमोरचा भाग दाखव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.